छातीचं मांस लावायचं की मांडीचं? किरणं घेतलेला घसा नव्याने बांधताना

कळव्याहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "बाबांचं वय 61. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर 30 वर्षं काम केलं. दोन वर्षांपूर्वी स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. 35 किरणं आणि सोबत केमो झाली. आता त्याच जागी परत आलाय आणि मागे अन्नमार्गातही पसरलाय. स्वरयंत्र पूर्ण काढून घसा नव्याने बांधावा लागेल म्हणतात. एका डॉक्टरांनी छातीचं मांस लावू असं सांगितलं, दुसऱ्यांनी मांडीचं. मोठे काका म्हणतात, एवढी चिरफाड कशाला, आहेत ते दिवस सुखाने जाऊ देत. बाबांनी एवढंच विचारलं, परत चहा पिता येईल का? आम्ही काय करावं?"

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चहा पिता येण्याची शक्यता चांगली आहे. लगेच नाही, दोन-तीन आठवडे नाकातल्या नळीवर काढावे लागतील, कधी त्याहूनही जास्त. आणि पिण्याची पद्धत बदलेल. स्वरयंत्र काढल्यावर श्वास मानेतल्या छिद्रातून चालतो, तोंडातून हवा जात-येत नाही. त्यामुळे चहावर फुंकर घालता येत नाही आणि बशीतून भुरकाही मारता येत नाही. कोमट होऊ द्यायचा आणि घोट घोट प्यायचा. ऑपरेशनच्या आधी हे कुणी सांगत नाही आणि मग पहिल्याच कपाला माणूस हिरमुसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मी प्लास्टिक सर्जन आहे. गेली 22 वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत कॅन्सर सर्जनच्या जोडीने हेच काम करते. गाठ ते काढतात, मागे राहिलेली पोकळी मी भरते. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांच्या आणि तुमच्याच हातात आहे. पण दोन डॉक्टरांनी दोन जागा का सांगितल्या, हे कळलं तर तुम्हाला नेमके प्रश्न विचारता येतील.

छाती की मांडी, हा नंतरचा प्रश्न. आधी किरणांनी मानेचं काय करून ठेवलंय ते बघावं लागतं. 35 किरणं म्हणजे बहुधा सात आठवड्यांत 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). गाठीबरोबर आजूबाजूच्या निरोगी भागालाही ती लागतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून जाड होतात, काही बंदच पडतात. कातडी खालच्या स्नायूला चिकटते. बाबांच्या हनुवटीखाली बोट ठेवून कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न करा, बहुतेक धरता येणार नाही. वाळलेल्या चामड्यासारखी लागेल. अशा मानेत टाके घातले की टाके टिकतात, पण मांस एकमेकांना धरत नाही. जखम भरायला रक्त लागतं आणि तेच तिथे कमी असतं.

त्यात भर लाळेची. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. किरणांनंतर ती कमी आणि चिकट होते, पण थांबत नाही. नव्याने शिवलेल्या घशावरून ती रात्रंदिवस वाहते. एका टाक्याजवळ जरी फट राहिली तरी लाळ तिथून मानेत उतरते, आतलं मांस कुजवते आणि शेवटी कातडी फोडून बाहेर येते. याला आम्ही फिस्टुला म्हणतो. किरणं झालेल्या घशातून स्वरयंत्र काढून घसा नुसता शिवून टाकला, तर साधारण चारांतल्या एकाला फिस्टुला होतो. माझ्या कामातली निम्मी अक्कल लाळ आत कोंडून ठेवण्यात खर्च होते.

म्हणून बाहेरून मांस आणायचं. ते ठिगळ नव्हे. ठिगळाला खालच्या कापडाचा आधार लागतो. आम्ही जे मांस आणतो त्याला फ्लॅप म्हणतात, आणि तो स्वतःची रक्तवाहिनी घेऊन येतो. किरणांनी वाळलेल्या मानेत ज्याला किरणं लागलेलीच नाहीत असं जिवंत मांस येतं, आणि आजूबाजूच्या जखमेलाही त्याचा आधार होतो. छाती असो वा मांडी, उद्देश हाच.

छातीचा फ्लॅप म्हणजे छातीचा मोठा स्नायू आणि त्यावरचा कातडीचा तुकडा. अमेरिकेतल्या एरियन या सर्जनने तो 1979 साली मांडला. याची रक्तवाहिनी गळपट्टीच्या हाडाखालून येते. ती न तोडता स्नायू मुळाशी तसाच ठेवायचा आणि कातडीखालून बोगदा करून मानेत वर फिरवायचा. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, आणि हृदय किंवा फुप्फुसं कमकुवत असलेल्या माणसाला तो झेपतो. तोटेही आहेत. तो जाडजूड असतो, त्यामुळे घशाची नळी करायला त्याची सुरळी नीट होत नाही. मान आणि खांदा काही महिने ओढल्यासारखे वाटतात. पुरुषाच्या छातीवर केस असतील तर ते घशाच्या आतही वाढतात. खोकल्यात केस आला म्हणून घाबरून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

मांडीचा फ्लॅप पूर्ण सुटा करून आणतात. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातली कातडी, तिची धमनी आणि शीर कापून घ्यायची आणि मानेतल्या धमनीला व शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि टाक्याचा धागा केसाहून बारीक. मनगटाजवळच्या कातडीचा फ्लॅप चिनी सर्जनांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केला, मांडीचा 1984 मध्ये. आज घसा बांधायला माझा पहिला कल मांडीकडे असतो, कारण कातडी भरपूर मिळते आणि मांडीवरची जखम बहुतेक वेळा सरळ शिवता येते. मनगटाचा फ्लॅप पातळ आणि सुंदर बसतो, पण हातावर कायमची खूण राहते. त्याचा विचार चालला असेल तर त्या हाताला ऑपरेशनच्या आधी कुणालाही सुई टोचू देऊ नका.

आता तुमच्या दोन डॉक्टरांकडे येते. घशाचा अन्नमार्ग म्हणजे एक नळी आहे असं समजा. स्वरयंत्र काढल्यावर मागची भिंत बऱ्यापैकी शिल्लक राहिली तर पुढची बाजू फ्लॅपने झाकायची, इतकंच काम. तिथे छातीचं मांस चांगलं चालतं. कधी घसा त्याच्याच उरलेल्या भागाने शिवता येतो आणि वरून फक्त छातीचा स्नायू पांघरतात. त्यानेही फिस्टुलाचा धोका बराच कमी होतो. पण गाठ पूर्ण वेढा घालून असेल आणि नळीच गोल काढावी लागणार असेल, तर नवी नळी करावी लागते, आणि तिथे मांडीची पातळ कातडी हवी. कातडीची बाजू आत घेऊन तिची सुरळी करतात. नळीचा व्यास तीन सेंटीमीटर हवा असेल तर कातडी साडेनऊ सेंटीमीटर रुंद घ्यावी लागते. हे गणित मी प्रत्येक वेळी पेनाने मांडीवर आखून करते, कारण इथे एक सेंटीमीटरची काटकसर केली की वर्षभराने घास अडकतो. गाठ खाली अन्ननलिकेत छातीपर्यंत उतरली असेल तर कातडीची नळी पुरत नाही. जठर, म्हणजे पोटाची पिशवी, वर ओढून घशाला जोडावं लागतं. ते ऑपरेशन खूप मोठं.

म्हणजे दोघेही डॉक्टर बरोबर असू शकतात. एकाने मागची भिंत वाचेल असं धरलं असेल, दुसऱ्याने वाचणार नाही असं. की मानेत जोडायला चांगली धमनी-शीर उरलेली नसावी, असा एकाचा अंदाज असेल? विचारा: "नळी गोल काढावी लागेल का, की मागची भिंत राहील? मानेत जोडायला रक्तवाहिनी आहे का? मांडीचा फ्लॅप फसला तर दुसरा बेत काय?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असेल, त्यांच्यावर माझा विश्वास जास्त बसेल.

फ्लॅप फसतो का? अनुभवी हातात शंभरातले 95च्या आसपास सुटे फ्लॅप जगतात. उरलेल्यांचं भवितव्य पहिल्या तीन दिवसांत, बहुतेकदा रात्री ठरतं. आतली नळी बाहेरून दिसत नाही, म्हणून आम्ही त्याच फ्लॅपचा दोन रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा मानेवर बाहेर ठेवतो. दर तासाला सिस्टर त्यावर टॉर्च मारतात, बोट दाबून सोडतात, रंग परत यायला किती सेकंद लागतात ते बघतात. शंका आली तर बारीक सुई टोचायची. एक-दोन क्षणांनी लालभडक थेंब आला तर सगळं ठीक. काहीच आलं नाही आणि तुकडा पांढुरका पडलाय, तर धमनी बंद. सुई लागताच काळपट रक्त भसकन आलं आणि तुकडा जांभळट फुगलाय, तर शीर तुंबलीय. मग सकाळची वाट बघायची नसते, त्याच वेळी ऑपरेशन थिएटर उघडायचं.

एक रात्र माझ्या मनातून जात नाही. एका रुग्णालयात, दिवा गावच्या एका मावशींचा घसा मी मांडीच्या कातडीने बांधला होता. अकरा वाजता फ्लॅप छान गुलाबी होता. रात्री श्वासाची नळी हलतेय असं वाटून कुणीतरी काळजीपोटीच मानेभोवतीची नाडी करकचून बांधली. ती नाडी नेमकी शिरेच्या जोडावर बसली. पहाटे चारला मला फोन आला तेव्हा तुकडा वांग्याच्या रंगाचा झाला होता. आम्ही लगेच उघडलं, गुठळी काढली, परत जोडलं, तरीही तो फ्लॅप गेला. पाचव्या दिवशी छातीचं मांस फिरवून घसा शिवला. मावशी घरी गेल्या, पण महिन्याऐवजी अडीच महिन्यांनी. नाडी बांधणाऱ्यांना मी आधी सांगितलं नव्हतं, ही चूक माझी. तेव्हापासून श्वासाची नळी मी कातडीलाच टाक्यांनी पक्की करते आणि खाटेच्या डोक्याशी स्वतःच्या हाताने कागद लावते: मानेभोवती काहीही बांधू नये. रात्री जवळ थांबणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगते. तुम्हीही लक्ष ठेवा, मास्कची दोरी आणि गळ्यातला ताईतसुद्धा चालत नाही.

ऑपरेशनच्या आधीचे आठवडे वाया घालवू नका. किरणं झालेल्या मानेत थायरॉइड मंदावलेलं असण्याची शक्यता खूप असते. थकवा, जडपणा, सुस्ती हे सगळं कॅन्सरच्या खात्यावर टाकलं जातं आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी कुणी बघतच नाही. थायरॉइड कमी असेल तर जखम भरत नाही, म्हणजे पुन्हा फिस्टुला. रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि हिमोग्लोबिन बघा. गिळता येत नसल्याने बाबा गेले काही महिने पेज आणि पातळ वरणावरच असतील, तर आजच नाकातून नळी घालून पोटभर आहार सुरू करायला सांगा. नळी म्हणजे हार मानली असं अनेकांना वाटतं. माझ्या मते ती ऑपरेशनची खरी सुरुवात आहे. आणि तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण चुना-तंबाखूची डबी, बिडी, मशेरी घराघरात आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दोन मिलिमीटरच्या वाहिनीवर मी सहा तास काम करायचं आणि चौथ्या दिवशी कुणीतरी मायेने एक बिडी द्यायची, असं होऊ नये.

सगळं नीट करूनही फिस्टुला झाला तर खचू नका. बरेचसे ड्रेसिंग, नळीतून आहार आणि धीर यांवर काही आठवड्यांत बंद होतात. एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. त्या भोकातून ताजं लाल रक्त आलं, अगदी चमचाभर येऊन थांबलं तरी, ती मोठी धमनी फुटण्याची सूचना असू शकते. कापड दाबून धरा आणि त्याच क्षणी रुग्णालयात न्या. सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबू नका.

दोन-तीन आठवड्यांनी रंगद्रव्य गिळायला देऊन एक्स-रे काढतात. कुठे गळत नसेल तर पाणी, मग पेज, मग मऊ भात. मांडीच्या कातडीला घास पुढे ढकलता येत नाही. ती नळी फक्त वाट देते. त्यामुळे ताठ बसून, छोटे घास, प्रत्येक घासामागे पाणी. भाकरी बहुतेकांना कालवूनच खावी लागते. काही महिन्यांनी घास अडकायला लागला तर दुर्बिणीतून नळी रुंद करता येते. पण आधी कॅन्सर परत आलेला नाही ना, हे तपासायला हवं.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 30 वर्षं गाळ्यावर भाव पुकारलेल्या माणसाच्या मनात तो विचार असणारच. पुकारा परत येणार नाही. बोलणं येऊ शकतं. मानेला टेकवायचं बॅटरीचं यंत्र असतं; त्याचा आवाज यंत्रासारखा, पण पहिल्याच महिन्यात कामाला येतो. दुसरा मार्ग हवा गिळून ढेकरासारखी सोडत बोलण्याचा. तो शिकायला कठीण आणि घशाची नळी नवी असेल तर आणखी कठीण. तिसरा, मला सर्वांत पटणारा: श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छिद्र पाडून एकाच दिशेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा. सिंगर आणि ब्लॉम यांनी ही पद्धत 1980 मध्ये मांडली. मानेतलं छिद्र बोटाने झाकायचं, फुप्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून घशात जाते आणि आवाज उमटतो. कातडीच्या नळीतून तो जरा ओलसर, घोगरा येतो, पण बाबा फोनवर नातवाशी बोलू शकतील. व्हॉल्व्ह दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. पाणी पिताना खोकला येऊ लागला की तो गळतोय असं समजा. तो निघून पडला तर छिद्र झपाट्याने बंद होतं, म्हणून त्याच दिवशी या. पडलेला व्हॉल्व्ह सापडला नाही तर तो श्वासात गेलेला असू शकतो, मग तातडीने. परदेशी व्हॉल्व्ह महाग पडतात. बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाचा अगदी स्वस्त व्हॉल्व्ह तयार केलाय, त्याबद्दलही तुमच्या डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनच्या आधी स्पीच थेरपिस्टची एक भेट घ्याच, आणि बाबांचा आताचा आवाज, कसाही असला तरी, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पाटी-पेन्सिल आधीच आणा.

मानेतल्या छिद्राबरोबर राहणं जमतं. नाकाचं काम बंद होतं, म्हणजे हवा गाळली जात नाही, ओली होत नाही. घोडबंदर रोडची धूळ आणि तळोज्याचा धूर थेट फुप्फुसात जातो. त्यावर फिल्टरची कॅसेट मिळते. ती परवडत नसेल तर पातळ सुती रुमाल ओला करून छिद्रासमोर लटकवायचा, कफ घट्ट होत नाही. आंघोळीला छिद्राच्या खालीच पाणी घ्यायचं. विसर्जनाला तलावात किंवा खाडीत उतरायचं नाही, कधीच नाही. शौचाला जोर लावता येत नाही आणि जड वजन उचलता येत नाही, कारण त्यासाठी छातीत दम कोंडायला स्वरयंत्रच लागतं. कांद्याची गोणी आता दुसऱ्याने उचलायची. खिशात एक चिठ्ठी ठेवा: 'मी मानेतून श्वास घेतो, ऑक्सिजन मानेला लावा.' लोकलमध्ये चक्कर आली आणि कुणी तोंडाला मास्क लावला तर त्याचा काही उपयोग होत नाही.

काकांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पेट स्कॅनमध्ये (रोग शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारी तपासणी) रोग फुप्फुसात गेलेला दिसला, किंवा गाठीने मानेतली मोठी धमनी पूर्ण कवेत घेतली असेल, तर मीही एवढं मोठं ऑपरेशन नको म्हणेन. मग वेदना, श्वास आणि आहार सांभाळणारे उपचार हेच योग्य. ते पूर्ण वेळाचे, चांगले उपचार आहेत. पण रोग घशापुरता असेल आणि काही केलं नाही, तर ते दिवस सुखाचे जातीलच असं नाही. वाढणारी गाठ श्वास अडवते, गिळणं थांबवते, रक्तस्राव करते; श्वासासाठी मानेत भोक मग घाईघाईने पाडावंच लागतं. हे काकांना शांतपणे सांगा. आणि निर्णय बाबांना घेऊ द्या. ते सगळं ऐकू शकतात, समजू शकतात. बोलता येत नाही म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोललं जातं, ते थांबवा.

कुठे जायचं, हेही विचारलं जातं म्हणून लिहिते. परळचं टाटा मेमोरियल आणि त्याच संस्थेचं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, दोन्हीकडे या कामाचा मोठा अनुभव आहे. कळव्याहून ठाण्याला येऊन पनवेलची ट्रान्स-हार्बर पकडली की खारघर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून रेशनकार्ड आणि आधार दाखवा, आणि फ्लॅपचा खर्च मंजुरीत धरलाय का हे वेगळं विचारा.

जाताना जुन्या किरणांचा सारांश घ्या. नुसता डिस्चार्ज कागद पुरत नाही. किती ग्रे आणि मानेच्या कुठल्या भागाला, हे लिहिलेला कागद हवा. बायोप्सीच्या काचा, पेट स्कॅनची सीडी, आणि या आठवड्यात काढलेले टीएसएच, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट सोबत ठेवा. हे आले की इथेच कळवा, पुढचं बघू.